पट आणि मराठी शाळेतले शिक्षक

बेळगाव भागातल्या आपल्या सरकारी मराठी शाळा कर्नाटकच्या शिक्षण खात्याकडे आहेत. पाचवीपर्यंतची ती कनिष्ठ प्राथमिक, सातवी-आठवीपर्यंतची उच्च प्राथमिक. शिकवणं मराठीतून, कन्नड आणि इंग्रजी हे विषय. पहिली ते तिसरीची मुलं ‘नली-कली’ पद्धतीत एकत्र बसतात. ‘वर्गखोली नाही म्हणून बसवलंय का?’ असं पालक आम्हाला विचारतात. तसं नाही, पद्धतच तशी आहे. पुस्तकं, गणवेश, दुपारचं जेवण, दूध मोफत मिळतं.

अडतं ते शिक्षकांपाशी. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पाचवीपर्यंतच्या वर्गांना 60 मुलांपर्यंत 2 शिक्षक, 61 ते 90 मुलांना 3 आणि 91 ते 120 मुलांना 4. म्हणजे 62 पटाच्या शाळेतून दोन मुलं दाखला घेऊन गेली, तरी एक जागा धोक्यात येते. मग पाच इयत्ता दोघांवर, आणि एक जण बैठकीला गेला की एकट्यावर.

म्हणून आम्ही प्रवेशाच्या दिवसांत घरोघर जातो. मंजूर जागा रिकामी असेल, तर शाळा सुधारणा समितीनं गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. समितीत पालकच जास्त असतात.