डॉक्टरांच्या नावामागची आगगाडी

डिचोलीच्या बाजारात एखाद्या दवाखान्याच्या पाटीपाशी क्षणभर थांबा. आधी नाव, मग एमबीबीएस, एमएस, डीएनबी, एफआरसीएस... पेडण्याच्या स्टेशनात कोकण रेल्वेची गाडी लागावी तशी अक्षरांची रांग! अंगात ताप असताना हे डबे मोजायला सवड कुणाला असते? पण बरं वाटलं की एकदा मोजून बघा. प्रत्येक डबा वेगळ्या गावाहून आला आहे. आणि या गाडीचं इंजिन कुठलं, ते ठाऊक आहे?

त्यासाठी चारशे वर्षं मागं जाऊ, पण लांब नाही, जुन्या गोव्यापर्यंतच. १६१८ साली तिथं नियम निघाला, की ‘फिझिको-मोर’ म्हणजे पोर्तुगीज मुख्य वैद्य ज्याची परीक्षा घेऊन पास करील, त्यानेच औषधोपचार करायचे. कापाकापी करणाऱ्यांची परीक्षा मुख्य शल्यवैद्याकडे. हिंदू वैद्य तर तीसच्या वर नकोत! त्याआधी धर्मपरिषदेने ख्रिस्ती रोग्यांना या वैद्यांकडे जायला मनाईसुद्धा केली होती. पण ताप कुणाचं ऐकतो? १५८०च्या दशकात गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्स्खोतेन लिहून गेला आहे, की खुद्द व्हाइसरॉय आणि आर्चबिशपही आपल्या देशबांधवांपेक्षा याच वैद्यांवर जास्त भरवसा ठेवत.

आता गंमत बघा. डिचोली तेव्हा आदिलशाहीत होती. पोर्तुगिजांकडे ती आली १७८१ मध्ये, आणि पेडणे १७८८ मध्ये. म्हणजे डिचोलीतल्या नार्व्याचा एखादा निष्णात वैद्य होडीत बसून, दिवाडी बेट ओलांडून जुन्या गोव्याच्या धक्क्यावर उतरला, की बिनपरवान्याचा! हात तेच, बटव्यातली मुळं तीच, नाडीपरीक्षा तीच. बदललं काय? फक्त नदीचा काठ.

ज्ञान माणसासोबत जातं, पण त्याची मान्यता जातेच असं नाही. पुढं १८४२ मध्ये पणजीत वैद्यकीय शाळा निघाली. पाश्चात्य वैद्यक शिकवणाऱ्या आशियातल्या सर्वांत जुन्या शाळांपैकी ही एक, आजच्या बांबोळीच्या जीएमसीचं मूळ. इथं पोर्तुगीज सरकारनेच शिकवलेला डॉक्टर मोझांबिक, अंगोलात नोकरीला चालायचा, पण पोर्तुगालमध्ये व्यवसाय करायचा तर पुन्हा परीक्षांना बसा! आईने हाताने जेवू घातलं, पण पंगतीत बसायला मज्जाव, त्यातली गत.

मग काही गोंयकारांनी मुंबईची वाट धरली. शिरोड्याचे विठ्ठल नागेश शिरोडकर ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले आणि १९३१ मध्ये लंडनहून एफआरसीएस होऊन आले. गर्भाशयाचं तोंड वेळेआधी उघडून गर्भपात होऊ नये म्हणून त्यांनी १९५५ मध्ये एक टाका जगापुढं मांडला. लंडनने त्यांच्या नावामागं चार अक्षरं लावली, आणि जगभरच्या डॉक्टरांनी त्या टाक्यालाच त्यांचं नाव लावलं. आजही तो ‘शिरोडकर टाका’ म्हणूनच ओळखला जातो.

या चार अक्षरांतला ‘एफ’ म्हणजे फेलो. तो भारी मिस्किल आहे! लंडनच्या फिजिशियनांचं कॉलेज १५१८ चं. तिथं ‘मेंबर’ व्हायला परीक्षा द्यावी लागते, ‘फेलो’ व्हायला मात्र परीक्षा नाही, कर्तृत्व पाहून निवड होते. शेजारच्या सर्जनांच्या कॉलेजात १८४३ मध्ये फेलोची वरची पायरी आली. पहिले ३०० निवडून घेतले, पुढच्यांना परीक्षा! सर्जन आणि न्हावी यांचा संघ तिथं १७४५ पर्यंत एकच होता. म्हणून इंग्लंडमधला सर्जन आजही डॉक्टर म्हणवून घेत नाही, अभिमानाने ‘मिस्टर’ लावतो.

आपल्याकडे तज्ज्ञांच्या संघटना आहेत. सर्जनांची १९३८ पासून, स्त्रीरोगतज्ज्ञांचा महासंघ १९५० पासून. त्यांतही आजीव सभासद, सहयोगी सभासद, मानद सभासद असे प्रकार असतात. पण ‘सभासद’ हा शब्द दिसला की जरा थांबा. संगीत विशारद व्हायला परीक्षेला बसून गावं लागतं. संगीत मंडळाचं आजीव सभासद व्हायला वर्गणी पुरते. दोन्ही मानाच्याच गोष्टी, पण गाणं शिकायचं तर तुम्ही कुणाकडे जाल? डॉक्टरांच्या संघटनेत शिरायला आधी पदवी लागते, हे खरं. तरी सभासदत्व ही काही नवी पदवी नव्हे.

मग इंजिन कुठलं? बहुतेकांच्या नजरेतून सुटणारा एक आकडा : नोंदणी क्रमांक. गोव्यात तो गोवा मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहीतला. १६१८ च्या त्या परीक्षेचा हा आजचा वारस. डॉक्टरांच्या वर्तणुकीविषयीच्या २००२ च्या नियमांनुसार तो दवाखान्यात, औषधाच्या चिठ्ठीवर, दाखल्यावर आणि पैशांच्या पावतीवरसुद्धा असायलाच हवा. एखाद्या शाखेचं खास शिक्षण नसताना कुणी स्वतःला तिचा तज्ज्ञ म्हणवून घेऊ नये, हेही तिथंच लिहिलं आहे.

तेव्हा पुढच्या खेपेला चिठ्ठी हातात पडली, की आधी तो नंबर शोधा. डबे मग सावकाश मोजा.