हँडब्रेक ढिला पडला, तर आधी कारण शोधा

सुरतेत राहणाऱ्या आपल्या मंडळींना हँडब्रेकची आठवण क्वचितच होते. शहर सपाट आहे. सोसायटीत जागा कमी, गाड्या एकीमागे एक लावाव्या लागतात. म्हणून शेजाऱ्याला ढकलता यावी यासाठी आपण गाडी न्यूट्रलवर ठेवतो आणि हँडब्रेक लावतही नाही. पण वर्षातून दोन-चार वेळा तरी आपण घाटाला लागतोच. कोणी वघई-सापुताऱ्यावरून वणीच्या देवीला जातो, कोणी नवापूर-विसरवाडीहून कोंडाईबारी घाट चढून साक्री-धुळ्याकडे गावी जातो. वर्षभर ज्याच्याकडे पाहिले नाही, त्या हँडब्रेकची परीक्षा नेमकी तिथे होते.

आमची झाली ती वणीला जाताना. वघई सोडल्यावर चढावर एका टपरीपाशी चहाला थांबलो. सवयीने गाडी न्यूट्रलवरच होती, फक्त हँडब्रेक ओढला. नातू कणीस खात गाडीच्या मागेच उभा होता. गाडी हळूच मागे सरकू लागली. आम्हाला कळायच्या आत टपरीवाल्याने ओरडून पोराला बाजूला ओढले आणि पायाने एक दगड चाकामागे सारला. गाडी थांबली. कोणाला काही लागले नाही, पण हातातला चहा आम्हाला पिववला नाही.

वाईट याचे वाटले की, महिनाभर आधीच आम्ही एका गॅरेजमध्ये हँडब्रेक 'टाइट' करून घेतला होता. परत आल्यावर दुसऱ्या एका जुन्या मेकॅनिकसमोर उभे राहून मागची दोन्ही चाके उघडून घेतली, तेव्हा खरे कारण दिसले. आम्ही वाणिज्य शाखेचे, जन्म बँकेत गेला. पण तेव्हा जे समजले ते सर्वांच्या उपयोगाचे आहे, म्हणून लिहीत आहोत.

आधी रचना समजून घेऊ. पायाचा ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो आणि चारही चाकांवर लागतो. हँडब्रेकला तेलाशी घेणे नसते. लिव्हर ओढली की लोखंडी केबल ताणली जाते आणि बहुतेक छोट्या गाड्यांत मागच्या दोन चाकांच्या ड्रममधले ब्रेक शू बाहेर फाकतात. शूवर लायनर असतो. तो ड्रमला आतून घट्ट टेकला की चाक अडते. म्हणजे दोष चार ठिकाणी असू शकतो: लिव्हरच्या खाचांत, केबलमध्ये, लायनरमध्ये किंवा शू आणि ड्रममधले अंतर जुळवणाऱ्या अ‍ॅडजस्टरमध्ये.

घरी करता येण्यासारखी पहिली तपासणी म्हणजे लिव्हर ओढताना 'टक् टक्' आवाज मोजणे. किती टकटकीत ब्रेक लागावा, हे गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात दिलेले असते. त्याहून बरेच जास्त आवाज आले, तर लायनर झिजला आहे, अ‍ॅडजस्टर अडकला आहे किंवा केबल सैल पडली आहे. आवाज बरोबर आले, लिव्हर कडक लागली आणि तरीही गाडी सरकली, तर लायनर तेलकट किंवा गुळगुळीत झाला असावा, नाहीतर केबल गंजून मध्येच अडकत असावी. लिव्हर वर राहतच नसेल, तर तिच्या खाचा झिजल्या आहेत.

दुसरी तपासणी सौम्य उतारावर करावी. पुढेमागे माणूस नको, भिंत नको. पाय ब्रेकवर ठेवून हँडब्रेक ओढावा, गियर न्यूट्रल करावा आणि पाय सावकाश उचलावा, पण पेडलजवळच ठेवावा. गाडीचे तोंड एकदा चढाकडे आणि एकदा उताराकडे करून पाहावे. डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यावर विसंबू नये. लिव्हर वर आहे एवढेच तो सांगतो, ब्रेक धरतो आहे असे सांगत नाही. लिव्हर पूर्ण खाली करूनही दिवा पेटत राहिला, तर ब्रेक ऑईल कमी झाले असण्याची शक्यता असते; ते लगेच पाहावे.

तिसरी तपासणी मेकॅनिकसमोर. सपाट जमिनीवर पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावून मागचा भाग उचलावा आणि स्टँडवर टेकवावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. मग लिव्हर एकेक टक् वर घेत दोन्ही चाके हाताने फिरवून पाहावीत. दोन्ही सारखी जड होत गेली पाहिजेत. एक अडले आणि दुसरे फिरत राहिले, तर दोष त्या दुसऱ्या चाकाच्या बाजूला आहे.

आमच्या गाडीत डावे चाक फिरत राहिले. ड्रम काढल्यावर लायनर तेलाने भिजलेला दिसला. पायाच्या ब्रेकचे तेल जिथे येऊन शूला ढकलते, ते चाकातले छोटे सिलिंडर गळत होते. म्हणजे हँडब्रेक आम्हाला पायाच्या ब्रेकचे दुखणे सांगत होता आणि आम्ही केबल ताणून त्याचे तोंड बंद केले होते. घाट उतरताना तेल आणखी कमी झाले असते तर काय झाले असते, याचा विचार आजही नकोसा वाटतो. बँकेच्या भाषेत सांगायचे तर, फरक कुठून आला हे न शोधता तो सस्पेन्स खात्यात टाकून ताळेबंद जुळवल्यासारखे हे झाले.

म्हणून दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा. आधी ड्रम उघडून लायनरची जाडी आणि गळती पाहावी. गळती असेल तर सिलिंडर दुरुस्त करावे किंवा बदलावे आणि तेलकट शू बदलावेत. पेट्रोलने पुसलेला लायनर पुन्हा दगा देतो. शू नेहमी दोन्ही चाकांचे जोडीने बदलावेत. लायनरची धूळ हवेच्या पाइपाने उडवू देऊ नये, ती छातीला वाईट. नंतर अ‍ॅडजस्टर साफ करून शू आणि ड्रममधले अंतर जुळवावे. केबलचा नट सर्वांत शेवटी. शेवटी लिव्हर पूर्ण खाली करून दोन्ही चाके मोकळी फिरतात ना, हे स्वतः पाहावे. केबल जास्त ताणली तर लायनर सतत घासतो, ड्रम तापतो, ॲव्हरेज घटते आणि जळका वास येतो. मागे डिस्क किंवा बटणाचा हँडब्रेक असलेल्या गाड्यांची पद्धत वेगळी आहे. तिथे कंपनीच्या जाणकार माणसालाच हात लावू द्यावा.

आपल्या सुरतेची हवा दमट, पावसाळा मोठा. 2006 च्या ऑगस्टमध्ये तापीच्या पुरात उभ्या राहिलेल्या गाड्या अनेकांना आठवत असतील. पाण्यातून गेलेल्या गाडीच्या ड्रममध्ये गाळ बसतो, केबलला गंज चढतो. अशी गाडी एकदा उघडून साफ करून घ्यावी. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल, तर हँडब्रेक लावून ठेवल्यास लायनर ड्रमला चिकटू शकतो. अशा वेळी सपाट जागी गाडी गियरमध्ये ठेवावी आणि चाकांना ठोकळे लावावेत.

घाटात मात्र हँडब्रेक आणि गियर दोन्ही हवेत. तोंड चढाकडे असेल तर पहिला गियर, उताराकडे असेल तर रिव्हर्स. ऑटोमॅटिक गाडीत आधी हँडब्रेक आणि मग 'पी'. वर चाकाला दगड. निघताना तो काढून रस्त्याबाहेर ठेवावा, मागच्या दुचाकीवाल्यासाठी. हा शहाणपणाच नव्हे, कायदाही आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 126 नुसार, परवानाधारक चालक आसनावर नसेल, तर इंजिन बंद करून ब्रेक लावणे किंवा गाडी आपोआप हलणार नाही अशी अन्य व्यवस्था करणे बंधनकारक आहे.

नवरात्र जवळ आले की आपल्यातली बरीच कुटुंबे गडाची तयारी करतात. हवा, पाणी, ऑईल आपण पाहतोच. त्यात ही दहा मिनिटे वाढवावीत: टकटक मोजावी, उतारावर गाडी धरते का पाहावे. धरत नसेल तर मेकॅनिकला 'टाइट कर' म्हणू नये. 'ड्रम उघड आणि कारण दाखव' म्हणावे. आम्हाला तो टपरीवाला वेळेवर भेटला. प्रत्येक वळणावर असा माणूस उभा असेलच असे नाही.