अळणी : तिखटाआधीची वाटी

अळणी म्हणजे काय?
कोल्हापूरकडे चटणी-मसाला पडण्याआधीचा चिकन-मटणाचा रस्सा. शब्दाचा अर्थ 'बिनमिठाचं'. इथे मात्र मीठ असतं, तिखट नसतं. घरातल्या लहानग्यांची वाटी आधी भरते, मग उरलेल्याला फोडणी.

- कृती : कांदा तेलावर परतून त्यात अर्धा किलो हाडांसकट चिकन, आलं-लसूण, हळद, मीठ. सव्वा लिटर गरम पाणी. मंद आचेवर 35 ते 40 मिनिटं.
- पुढचे फाटे : याच अळणीत कांदा-लसूण चटणी आणि वाटण गेलं की तांबडा रस्सा, नारळाचं दूध, खसखस, काजू गेले की पांढरा.
- नाक मुरडणाऱ्यांसाठी : गाजर, दुधी त्यातच शिजवून घोटायचे, म्हणजे फोडी दिसत नाहीत. चिकनचे बारीक धागे सोडवताना हाडाची किरच बोटांनी चाचपून काढायचीच. सोबत मऊ भात. कोथिंबीर वेगळी.
- थिजलं तर? फ्रिजमध्ये जेलीसारखं झालेलं अळणी बिघडलेलं नसतं. हाडं-कातडीतल्या कोलेजनचं ते जिलेटिन; गरम केलं की पुन्हा पातळ.
- सुरक्षित तापमान : चिकन आतपर्यंत 74 अंश सेल्सिअस. शिजल्यावर 2 तासांच्या आत फ्रिजमध्ये.