मिठी नदी : पूरनियंत्रण आणि नदीचे आरोग्य

विक्रोळीचे पावसाळी पाणी पूर्वेस ठाणे खाडीत जाते. मात्र शेजारच्या पवई व विहार तलावांचे ओसंडणारे पाणी मिठी नदीच्या रूपाने पश्चिमेकडे वळते. साकीनाका, कुर्ला, कलिना, धारावी या भागांतून सुमारे १८ किलोमीटर वाहत ही नदी माहीमच्या खाडीस मिळते.

विहारचा तलाव १८६० मध्ये पूर्ण झाला. तलाव भरून वाहतात तेव्हाच नदीस गोडे पाणी मिळते. उर्वरित सुमारे आठ महिने पात्रात प्रामुख्याने घरगुती सांडपाणी व लघुउद्योगांचे दूषित पाणी असते. त्यातील सेंद्रिय पदार्थांचे विघटन करताना जिवाणू पाण्यातील विरघळलेला प्राणवायू वापरतात. तो संपल्यावर दुर्गंधीयुक्त वायू निर्माण होतात. मुखाजवळ दिवसातून दोनदा येणारी भरती हे पाणी मागे रेटते व गाळ साचतो.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर रुंदीकरण, खोलीकरण व संरक्षक भिंतींची कामे हाती घेण्यात आली. या कामांनी पात्राची वहनक्षमता वाढते. परंतु त्यात येणारे सांडपाणी कमी होत नाही.

सारांश, पूर हा पात्राच्या आकारमानाशी, तर नदीचे आरोग्य हे सांडपाणी वळवून त्यावर प्रक्रिया करण्याशी निगडित आहे. काठावरील वस्त्यांना दोन्हींची झळ बसते. म्हणूनच महाविद्यालयीन क्षेत्रभेटींत मिठीची पाहणी जुलैप्रमाणेच जानेवारीतही होणे आवश्यक आहे.