रोज एकदा अंगावरून हात फिरवा

"मॅडम, कालपासनं भाकरीला तोंड लावंना बघा." तासगावातल्या माझ्या दवाखान्यात कुत्रं घेऊन येणारी माणसं बहुधा याच वाक्यानं सुरुवात करतात. तपासायला लागलं की दिसतं, दुखणं कालचं नाही. कानामागं गोचिडांचा थर असतो, हिरड्या फिकट पडलेल्या असतात, वजन उतरलेलं असतं. कुत्रं दुखणं अंगावर काढतं. पाय दुखत असला तरी धन्याच्या मागं चालतं, ताप असला तरी शेपूट हलवतं. खाणं सोडायची वेळ येते तेव्हा पुष्कळदा आजार बराच पुढं गेलेला असतो. म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सवय लावून घ्यायला सांगते : रोज एकदा, नाकापासून शेपटीपर्यंत, त्याच्या अंगावरून सावकाश हात फिरवा. पाच मिनिटं पुरतात.

सुरुवात तोंडापासून करा. ओठ वर उचलून हिरडी बघा. निरोगी कुत्र्याची हिरडी गुलाबी, ओलसर असते. बोटानं दाबली की पांढरी होते आणि सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. काहींच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू बघावी. हिरडी पांढुरकी दिसली तर रक्त कमी झालंय, पिवळसर दिसली तर कावीळ आहे. दोन्ही वेळी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. नाक कोरडं लागलं की ताप आला, ही समजूत मात्र सोडून द्या. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपल्यापेक्षा जास्तच असतं. त्याचं अंग आपल्या हाताला गरम लागणारच. ताप थर्मामीटरनंच कळतो, तोही गुदद्वारात धरून.

मग कान, मान, बगला आणि बोटांच्या बेचक्या. गोचीड लपते ती इथंच. आमच्या भागात कुत्री सर्वांत जास्त कशानं आजारी पडत असतील, तर गोचीड तापानं. गोचीड रक्त पिताना एर्लिकिया किंवा बबेसियासारखे सूक्ष्म जंतू अंगात सोडते. ताप येतो, प्लेटलेट घटतात, कधी नाकातून रक्त येतं. वेळेत रक्त तपासून औषध सुरू केलं तर बहुतेक कुत्री उठतात. उशीर झाला तर रक्त चढवायची वेळ येते.

गोचिडीचं राहणं नीट समजून घ्या. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडते, भिंतीवर चढते आणि फटीत हजारो अंडी घालते. म्हणजे कुत्र्याइतकाच इलाज घराचाही करायला हवा. फटी बुजवा, अंथरूण उन्हात टाका. अंगावर दिसलेली गोचीड कातडीलगत चिमट्यानं धरून सरळ ओढा. तिच्यावर रॉकेल ओतू नका, काडी लावू नका, बोटांनी चिरडू नका. आणि एक विनंती हात जोडून : म्हशींसाठी आणलेलं औषध अंदाजानं कुत्र्याच्या अंगाला चोळू नका. त्या विषबाधेचे झटके मी टेबलावर पाहते, आणि ते टाळता येण्यासारखे असतात. कुत्र्यांसाठी वजनाप्रमाणे मिळणाऱ्या चघळायच्या गोळ्या आणि मानेवर टाकायचे थेंब आहेत, ते डॉक्टरांना विचारून द्या.

आता तळहात बरगड्यांवर आणा. फार न दाबता बरगड्या बोटांना मोजता यायला हव्यात आणि वरून पाहिल्यावर कंबर आत गेलेली दिसायला हवी. जत भागातली मेंढपाळांची उंच, सडपातळ कारवान कुत्री पाहून शहरातले लोक हळहळतात, "उपाशी ठेवलंय बिचाऱ्याला." त्या जातीची ठेवणच तशी आहे. उलट उपासमारीइतकीच काळजी मला बंगल्यांतल्या गुबगुबीत लॅब्राडॉरची वाटते. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉर पिल्लांचे दोन गट करून त्यांना आयुष्यभर पाहिलं गेलं. एका गटाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं दिलं. २००२ साली निष्कर्ष छापून आले : कमी खाणाऱ्या गटाचं आयुष्य जवळजवळ दोन वर्षांनी जास्त निघालं आणि त्यांना सांधेदुखीही उशिरा लागली. जेवताना प्रत्येकाच्या ताटातला एकेक तुकडा कुत्र्याला जातो, तेव्हा ही दोन वर्षं आठवावीत.

पोटाखालून हात नेताना गाठ लागते का बघा. मादी असेल तर सडांच्या ओळीवर विशेष लक्ष द्या. शस्त्रक्रिया न केलेली मादी माजावर येऊन गेल्यानंतर एक-दोन महिन्यांत फार पाणी प्यायला लागली, मरगळली किंवा घाण स्राव जाऊ लागला, तर गर्भपिशवीत पू झालेला असू शकतो. सकाळपर्यंत थांबायचं ते दुखणं नाही. पिल्लं नको असतील तर वेळेवर शस्त्रक्रिया करून घ्या. हा धोका बहुतांशी टळतो आणि सडांच्या कर्करोगाचाही कमी होतो.

शेवटी पंजे. नखं वाढलीत का, गादीला चीर किंवा भाजल्याचा डाग आहे का, ते पाहा. एप्रिल-मेमध्ये डांबरावर तळहाताची पालथी बाजू ठेवून बघा. पाच-सात सेकंद सहन होत नसेल तर कुत्र्याला त्या रस्त्यावर नेऊ नका. फिरणं सकाळी उजाडताना आणि रात्री ठेवा. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. ते धापा टाकूनच अंग थंड करतं, आणि पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तेही धड जमत नाही. उन्हात धाप थांबेना, लाळ गळू लागली, तोल जाऊ लागला तर सावलीत नेऊन अंगावर साधं गार पाणी ओता, पंखा लावा आणि तसंच दवाखान्यात घेऊन या.

खाण्याबाबत तासगावकरांना वेगळं सांगायलाच हवं, कारण आपलं गाव बेदाण्याचं. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. एखादं कुत्रं थोड्यातच गंभीर होतं, एखादं बरंच खाऊनही तगतं, त्यामुळे सुरक्षित असं प्रमाण सांगता येत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. हेच आम्ल चिंचेतही असतं. शेडच्या आवारात कुत्रं बांधलेलं असेल तर खाली सांडलेला माल त्याच्या तोंडाला लागणार नाही असं पाहा. खाल्लाच तर उलटीची वाट न बघता लगेच आणा. पहिल्या दोनेक तासांत आम्ही पोट रिकामं करू शकतो. घरी मिठाचं पाणी पाजू नका, त्यानं जीव धोक्यात येतो. कांदा-लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, चॉकलेट हृदयावर ताण आणतं, शिजवलेल्या हाडाचे टोकदार तुकडे होऊन आतडं फाटतं. आणि ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका.

हाताला न लागणारे शत्रू लसीनंच अडवायचे. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पार्व्हो, डिस्टेम्पर यांची पहिली लस द्यायची आणि चार महिन्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांनी बूस्टर. पार्व्होचा विषाणू १९७८च्या सुमारास जगभर पसरला. तो जमिनीत कित्येक महिने टिकतो, म्हणून त्यानं पिल्लू दगावलेल्या घरात लस न घेतलेलं नवं पिल्लू लगेच आणू नये. पावसाळ्यात उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो होतो आणि तो माणसालाही लागतो, त्याचीही लस घ्या. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास आणि पुढं दरवर्षी, न चुकता. लक्षणं दिसल्यावर या रोगातून ना कुत्रं वाचतं ना माणूस, अपवाद नावापुरतेच. चावा किंवा ओरखडा बसला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा.

अंग ठीक असलं तरी दिवसभर साखळीला बांधलेलं कुत्रं सुखी नसतं. ते भुंकतं, पाय चाटून चाटून सोलवटतं, पोरांच्या अंगावर जातं, आणि मग लोक म्हणतात, "चावरं निघालं." प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात कलम ११ आहे. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला धन्यानं पुरेसं फिरवलं नाही, तर या कलमाखाली तो छळ ठरतो. फिरवतानाही त्याला ओढत नेऊ नका. कुत्र्याला जग नाकानं कळतं. प्रत्येक खांबाशी थांबून हुंगू द्या, अर्ध्या तासाच्या अशा फेरीनं ते घरी येऊन शांत पडतं. दिवाळीत फटाके वाजायच्या आधी फिरवून आणा आणि आतल्या खोलीत दारं-खिडक्या लावून त्याच्याजवळ बसा.

आज संध्याकाळीच हात फिरवायला सुरुवात करा. गाठ लागली, गोचीड सापडली, खाणं कमी झालं, तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारीच, त्या तारखेला लिहून ठेवा. दवाखान्यात येताना ते पान घेऊन या. तुमच्या कुत्र्याला स्वतःचं दुखणं सांगता येत नाही, त्याच्या वतीनं ते तुम्हालाच सांगायचं आहे.