गुडघा निसटतो? दुर्लक्ष नको!

कबड्डीत चढाई करताना पाय रोवून एकदम वळले, गुडघ्यात 'कट्' आवाज झाला आणि दोन-चार तासांत गुडघा टम्म सुजला, तर ती साधी मुरगळ समजू नये. मांडीचे व नडगीचे हाड बांधून ठेवणारा आतला स्नायुबंध, म्हणजे लिगामेंट, तुटलेला असू शकतो. एक्स-रेत हाड शाबूत दिसते म्हणून रुग्ण निर्धास्त होतो. पण स्नायुबंध एक्स-रेत दिसतच नाही. अस्थिरोगतज्ज्ञांकडून गुडघा तपासून घ्यावा, गरजेप्रमाणे एमआरआय करावा.

सुरुवातीचे दोन-तीन दिवस विश्रांती, कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटे, क्रेप बँडेज आणि पाय उशीवर उंच ठेवणे, एवढेच करावे. तेल लावून चोळणे, शेकणे, ओढणे टाळावे.

शस्त्रक्रिया प्रत्येकालाच लागते असे नाही. मांडीचे स्नायू बळकट करणाऱ्या व्यायामावर अनेकांचे भागते. गुडघा वारंवार निसटत असेल किंवा पुन्हा मैदानात उतरायचे असेल, तर बहुधा शस्त्रक्रिया सुचवली जाते. त्यानंतरही खेळासाठी निदान ९ महिने थांबावे. घाई केल्यास नवा स्नायुबंधही तुटू शकतो.

पस्तिशी-चाळिशीतल्या खेळाडूला गुडघ्याइतकेच मनही छळते. 'आपले आता संपले' असे वाटून तो चिडचिडा होतो, व्यायाम सोडतो. घरच्यांनी 'या वयात खेळायचे कशाला?' असे टोमणे मारू नयेत. खेळाडूनेही मैदान सोडू नये. कडेला बसून मुलांना डावपेच शिकवावेत. आणि रोजचा व्यायाम? तोच आता आपला सराव समजावा!