फिनास्टराइड

फिनास्टराइड हे पुरुषांमधील आनुवंशिक केसगळती आणि प्रोस्टेट ग्रंथीची वाढ यांवर वापरले जाणारे औषध आहे. त्याचे लाभ आणि बहुतेक ज्ञात दुष्परिणाम एकाच संप्रेरकावरील परिणामाशी निगडित आहेत.

कार्यपद्धती

५-अल्फा रिडक्टेज हे विकर टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या अधिक प्रभावी संप्रेरकात करते. आनुवंशिक प्रवणता असलेल्या पुरुषांत या संप्रेरकामुळे डोक्यावरील केशकूप हळूहळू आक्रसतात. फिनास्टराइड या विकराला अटकाव करते. विकराची जन्मजात उणीव असलेल्या डॉमिनिकन प्रजासत्ताकातील कुटुंबांचा अभ्यास १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राहते व त्यांना टक्कल पडत नाही, या निरीक्षणातून औषधाच्या शोधाला दिशा मिळाली. अमेरिकेत १९९२ मध्ये प्रोस्टेटवाढीसाठी ५ मिलिग्रॅम, तर १९९७ मध्ये केसगळतीसाठी १ मिलिग्रॅम मात्रेला मान्यता देण्यात आली.

दुष्परिणाम

१ मिलिग्रॅम मात्रेच्या एक वर्षाच्या चाचण्यांत कामेच्छा कमी होणे, लिंगाला ताठरता न येणे आणि वीर्यस्खलनातील अडचणी अशा तक्रारी औषध घेणाऱ्या ३.८ टक्के, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्या २.१ टक्के पुरुषांत आढळल्या. बहुतेकांच्या तक्रारी औषध थांबवल्यावर दूर झाल्या. मात्र काहींच्या तक्रारी त्यानंतरही टिकल्याच्या नोंदींमुळे २०१२ मध्ये अमेरिकेतील माहितीपत्रकात तसा उल्लेख करण्यात आला. २०२५ मध्ये युरोपीय औषध संस्थेच्या सुरक्षा समितीने आत्महत्येचे विचार हा या औषधाचा दुष्परिणाम असल्याचे निश्चित केले.

अपेक्षेचाही प्रभाव दिसतो. २००७ मधील एका इटालियन अभ्यासात ५ मिलिग्रॅम मात्रा घेणाऱ्यांपैकी लैंगिक दुष्परिणामांची पूर्वकल्पना दिलेल्या ४३.६ टक्के, तर ती न दिलेल्या १५.३ टक्के रुग्णांनी अशा तक्रारी सांगितल्या.

लाभ-हानीचा विचार

केसगळती जीवघेणी नसल्याने अल्प जोखीमही येथे महत्त्वाची ठरते. परिणाम दिसण्यास साधारणतः तीन महिने किंवा अधिक काळ लागतो आणि औषध थांबवल्यास सुमारे वर्षभरात लाभ नाहीसा होतो. म्हणून हा निर्णय दीर्घकालीन असतो. नैराश्याचा पूर्वेतिहास डॉक्टरांना सांगणे आवश्यक असते. प्रोस्टेट कर्करोगाच्या तपासणीत वापरली जाणारी पीएसए पातळी या औषधाने सुमारे निम्मी होत असल्याने औषधाची माहिती न दिल्यास अहवालाचा चुकीचा अर्थ लागू शकतो. पुरुष गर्भाच्या जननेंद्रियांच्या विकासास धोका असल्याने गर्भवती स्त्रियांनी तुटलेल्या गोळ्या हाताळू नयेत, असा इशारा दिला जातो.

डोक्याला लावायचे मिनॉक्सिडिल हे संप्रेरकांच्या पातळीत बदल न करणारे पर्यायी औषध आहे.